शिकवणारा मॉनिटर

नाशिक रोडच्या एखाद्या प्राथमिक शाळेत डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांची तुकडी आली की चौथीच्या वर्गाला ते लगेच कळतं. बाकं भिंतीला लागतात, सतरंज्या अंथरल्या जातात, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून तयार असतात. गटांना नावं द्यायची रीत आहे. या भागात ती शोधावी लागत नाहीत: गोदावरी, दारणा, वालदेवी, नासर्डी. मागे मार्गदर्शक शिक्षक निरीक्षणाचा कागद घेऊन बसलेले. सराव पाठ पस्तीस मिनिटांचा. त्यातली पहिली काही मिनिटं ‘मला त्याच्या गटात नको’ यातच जातात. मग वालदेवी गटाचं सगळं आटोपतं, तेव्हा दारणा गट अजून काड्याच मोजत असतो. गलका वाढतो. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन, काही न बोलता बघून जातात.

पाठ टाचणात छात्राध्यापिकेनं ‘गटप्रमुख’ असा शब्द लिहिलेला असतो. ज्याला चटकन येतं त्यानं बाकीच्यांना दाखवायचं. तिच्या अभ्यासक्रमात या गोष्टीला रशियाच्या वायगोत्स्कीचा आधार आहे, ज्ञानरचनावादाचं नाव आहे. वर्गातली मुलं मात्र हुशार पोराला मॉनिटर म्हणतात, आणि आपल्याकडे तोच शब्द जास्त जुना आहे.

आज मॉनिटरचं काम काय? बाई ऑफिसात गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. दोनशे वर्षांपूर्वी हा मॉनिटर शिकवत असे.

पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात एकच पंतोजी आणि सगळ्या वयाची पोरं. नवा आलेला धुळाक्षरं गिरवायचा. त्याचं बोट धरायला थोरला मुलगा असायचा, कारण पंतोजी पलीकडे मोडी वाचणाऱ्यांत गुंतलेले. संध्याकाळी परवचा. एकानं पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून: पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी. समजलं किती हा प्रश्न वेगळा, पण एका माणसावर शाळा चालायची ती अशी.

असाच प्रकार मद्रासकडे अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याच्या नजरेस पडला. १७८९ पासून तो एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना त्यानं मलबारी शाळेतली मुलं जमिनीवरच्या वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली. आपल्या शाळेत त्यानं वाळू पसरली. मास्तर ऐकेनात, तेव्हा जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या पोराला त्यानं मुळाक्षरांच्या वर्गावर बसवलं. मायदेशी परतून १७९७ मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनं गरीब मुलांसाठी मॉनिटरांच्या जोरावर शाळा काढली. एक मास्तर हजार मुलं सांभाळील, असा त्याचा दावा. मूळ कल्पना कुणाची, यावरून दोघांचे पाठीराखे वर्षानुवर्षं भांडले. वाळूत बोटं फिरवणाऱ्या त्या पोरांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

मग ओसरीवरची ही युक्ती विलायती शिक्का घेऊन मुंबईला परत आली. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनं शिक्षक तयार करायला घेतले. जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे ‘बाळमित्र’वाले बापू छत्रे, हे तिचे कारभारी. १८२६ मध्ये लँकेस्टर पद्धत शिकलेले २४ शिक्षक कोकण, दख्खन आणि गुजरातकडे पाठवले गेले. पश्चिम हिंदुस्थानातले हे पहिले ‘ट्रेंड’ मास्तर. नाशिक रोड हे नाव रेल्वे स्टेशनामुळे पडलं आणि पहिली आगगाडी ठाण्याला पोचायलाच अजून सत्तावीस वर्षं होती. तेव्हा ही मंडळी गेली असतील ती घाट चढून-उतरूनच. ज्याला आपण आज गटकार्य म्हणतो ते त्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा गाभाच होतं.

तरी ते टिकलं नाही. १८५५ मध्ये सरकारी शिक्षण खातं आलं, त्यामागोमाग इयत्ता, तपासणी, परीक्षा. इन्स्पेक्टर एकेका मुलाला उभं करून विचारणार, तर मुलं ओळीतच बसलेली बरी. मॉनिटर पद्धत मागे पडली याचं फार वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. एका मुलाची चूक ती दहाजणांत पेरत असे आणि तिचं मोठेपण मुख्यतः स्वस्त असण्यात होतं. वाईट एवढंच, की मुलाला मुलाकडून कळतं ही खरी गोष्टही तिच्याबरोबर बाहेर गेली.

मास्तर स्वस्तात मिळावा ही सरकारी हौस मात्र राहिली. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, असं बजावलं होतं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी महाराष्ट्रानं डी.एड. झालेल्या तरुणांना शिक्षणसेवक म्हणून तीन हजार रुपये मानधनावर उभं केलं. त्या पिढीतले शिक्षक आज मार्गदर्शक म्हणून मागच्या बाकावर असतात. त्यांना हा आकडा सांगावा लागत नाही.

गटात बसायचं म्हणजे शेजारी कोण, हाही प्रश्न आलाच. पंतोजींच्या ओसरीवर मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांची मुलं नव्हती. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या तरटावर वेगळं बसावं लागे. ‘मला त्याच्या गटात नको’ हे वाक्य छात्राध्यापिकेनं हसण्यावारी नेऊ नये, ते यासाठी.

नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला या गोष्टीतली एक मोठी शिक्षिका आली होती. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताई वाघ १९२९ मध्ये पुण्याहून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडल्या आणि सुरुवातीची वर्षं याच जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होत्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांसोबत त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडला. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. खडे, पानं, बिया हे साहित्य. नाशिक रोडच्या वर्गातल्या आइस्क्रीमच्या काड्यांची ही नात्यातली माणसं.

शहरापासून थोडं दूर गेलं की ‘जोडवर्ग’ भेटतो. एकच शिक्षक, समोर तिसरी, डावीकडे चौथी. तिथे गट केल्याशिवाय दिवसच सरकत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी मुलांना गोलात बसवून, फरशीवर रंगानं आखून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा राज्यभरचे शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तोवर कुमठ्याचं नाव शिक्षकांच्या तोंडी झालं होतं. एकेकाळी भीमरावांचं तरट वेगळं असलेला जिल्हा तो हाच.

राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी डी.एल.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायला सांगितलं आहे. तेवढ्यात गलका कसा ऐकायचा, हे ज्याला साधायचं त्याला साधतं. कामाचा गलका आणि उनाडपणाचा गलका यांचा आवाज वेगळा असतो. बाकीचे टाचणवही पूर्ण करतात, सही घेतात.

त्या वहीबद्दलच एक सांगायचं आहे. सरकारी अहवालांत किती शाळा, किती शिक्षक हे सापडतं. एका वर्गात कुठल्या दिवशी किती गट केले आणि त्यांतला कुठला फसला, हे फक्त टाचणवहीत असतं. तुमच्या घरात कुणी निवृत्त गुरुजी किंवा बाई असतील, माळ्यावर त्यांच्या ट्रेनिंगच्या वह्या असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी त्या एकदा उघडून बघा.