सहावीचा धडा आणि आपल्या पायाखालचा दगड



आजचा विषय दगडांचा आहे. काहीजणी म्हणतील, दगडात काय ऐकायचं? पण आपल्या घरचं जातं, पाटा, वरवंटा, नाल्यावरची धुण्याची शिळा, सगळं दगडाचंच. विहिरीला पाणी लागेल की नाही, वावरातली पऱ्हाटी टोंगळ्याएवढी राहील की छातीला लागेल, हेही बरंचसं खालचा दगडच ठरवतो. आपल्या सहावीतल्या लेकरांच्या भूगोलाच्या पुस्तकात याच विषयावर एक अख्खा धडा आहे, 'खडक व खडकांचे प्रकार'. त्याच पुस्तकात क्षेत्रभेटीचा, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन शिकण्याचा धडा आहे. दगडी कोळशाची माहिती देणारा ऊर्जा साधनांचा धडाही आहे.

लेकरं हे धडे घोकतात. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित अशी तीन नावं लिहिली की मार्क मिळतात. आमचं म्हणणं असं की, यवतमाळ जिल्ह्यातल्या लेकराला हा धडा घोकायची गरजच पडू नये, इतका तो आपल्या घराभोवती पसरलेला आहे. तो पुस्तकात कसा आला आणि आपल्याकडून दूर कसा गेला, याचा इतिहास आज सांगतो.

सुरुवात फार जुनी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, त्याचा काळा दगड झाला. मग त्यावर पुन्हा रस आला. असे थरावर थर साचत गेले. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच काळ्या दगडाचा आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजूला जाल तिथे हाच दगड. तो झिजून, कुजून जी माती झाली, तीच आपली काळी कसदार जमीन. सखल भागात ती खोल साचली. उतारावर मात्र थोडीशी माती आणि खाली मुरूम, म्हणून तिथे बरड. बरड कुणाच्या वाट्याला आली आणि काळी कुणाच्या, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जिल्ह्याच्या पूर्वेला, वणीकडे गेलं की गोष्ट बदलते. तिथे काळ्या दगडाच्याही आधीचे खडक आहेत. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदल आणि दाट झाडी होती. ती झाडी गाळाखाली दबली आणि तिचा दगडी कोळसा झाला. त्याच बाजूला चुनखडी सापडते. ती कोळशापेक्षाही कितीतरी जुनी आहे आणि समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. म्हणजे आपल्या या एका जिल्ह्यात कधी समुद्र होता, कधी दलदलीचं जंगल होतं आणि कधी आगीचा पूर आला होता.

हे सगळं लिहून ठेवलं ते बाहेरून आलेल्या माणसांनी. त्यामागे त्यांची गरज होती. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. इंग्रजांना कापूस हवा होता, म्हणून जमीन मोजली गेली. मातीची खोली आणि प्रत पाहून सारा ठरला. रेल्वेला आणि गिरण्यांना कोळसा हवा होता, म्हणून दगड तपासले गेले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावही वणी जिल्हा होतं. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि यवतमाळ जिल्हा हे नाव आलं.

या काळातला एक माणूस आम्हाला वेगळा वाटतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शाळा सांभाळून ते पायी फिरत, दगड गोळा करत, दगडात उमटलेली पानं आणि शिंपले शोधत. गोंड माणसांजवळ बसून त्यांची गाणी आणि कथाही त्यांनी उतरवून घेतल्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापल्या गेल्या. मृत्यू कसा झाला, तेही ऐका. सप्टेंबर १८६३ मध्ये ते टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परत येताना नाल्याला पूर होता, त्यात ते बुडाले. लेकरांना सहलीला नेताना ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे ती कामाला येणार आहे.

त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लोक आले. या खात्यातले ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा मोठा अहवाल लिहिला. तो १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वणीचा भाग त्याच खोऱ्यातला. आज उकणी, नीलजई इथे ज्या उघड्या खाणी दिसतात, त्यांची मुळं त्या तपासणीत आहेत.

याच खात्यातल्या मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये कोळशाच्या या खडकांना एक नाव सुचवलं: गोंडवाना. गोंडांची भूमी, म्हणून गोंडवाना. १८७६ मध्ये ते नाव छापलं गेलं आणि जगभर पोचलं. कारण या खडकांत जिभेच्या आकाराच्या एका लांबट पानाचे ठसे सापडत होते. त्या झाडाला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. तसेच ठसे आफ्रिकेत मिळाले, दक्षिण अमेरिकेत मिळाले, ऑस्ट्रेलियातही मिळाले. मध्ये एवढे समुद्र असताना एकच झाड सगळीकडे कसं? व्हिएन्नाच्या एदुआर्द झ्यूस या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये सांगितलं की यातले काही प्रदेश एकेकाळी जोडलेले होते. त्या जोडलेल्या भूमीला त्याने नाव दिलं, गोंडवाना भूमी.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट लेकरांना जरूर सांगा. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती थंडीने आणि उपासमारीने वाटेतच मेले. मागून शोधायला गेलेल्यांना त्यांच्या गाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत तेच जिभेसारखं पान होतं. जिथे आज फक्त बर्फ आहे, तिथेही एकेकाळी आपल्या कोळशाच्या जंगलातलंच झाड वाढत होतं.

आता विचार करा. झरी जामणीच्या किंवा केळापूरच्या शाळेत गोंड घरातली एखादी मुलगी सहावीच्या बाकावर बसते. तिच्या समाजाचं नाव जगातल्या प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. मागे पडलेला समाज, एवढंच तिच्या कानावर येतं. आम्हाला वाटतं, दगडाचा धडा शिकवताना हे पहिल्या तासालाच सांगावं.

दुसरीही एक गोष्ट पुस्तकात येत नाही. दगड बायांना आधीपासून ठाऊक होता. कोणत्या दगडाचं जातं टाकी लावल्यावर जास्त दिवस टिकतं, कोणत्या पाट्याची कचकच चटणीत येते, घर सारवायला कुठली पांढरी माती आणायची, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या हजारो बायांनी उन्हात बसून खडी फोडली. रोजगार हमीची सुरुवात त्याच काळातली, पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्यांनी हातोडीने काळा दगड फोडला, त्यांना कोणता दगड ठिणगी उडवतो आणि कोणता भुसभुशीत होऊन पडतो हे कुणी शिकवावं लागलं नाही. पण त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही, मजुरी म्हटलं. गावात अशी एखादी आजी अजून असेल, तर गुरुजींनी तिला एक दिवस वर्गात बोलवावं.

आता सहलीचं बोलू. सहल म्हटलं की बस, पैसे, लांबचा किल्ला असं डोळ्यासमोर येतं. या धड्याची पहिली सहल गावातल्या विहिरीपर्यंत आहे. बांधीव कठडा असलेली विहीर निवडायची आणि मोठ्या माणसांनी सोबत राहायचं. खाली पाहिलं की वर माती, मग मुरूम, मग घट्ट काळा दगड दिसतो. कुठे बारीक छिद्रांचा दगड असतो, छिद्रांत पांढरे चमकदार खडे असतात. रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, तीच ही छिद्रं. कुठे दोन थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो. एक थर थंड झाल्यावर बराच काळ गेला, वर माती तयार झाली आणि पुढच्या रसाने ती भाजून निघाली. पाणी झिरपतं ते भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडे कोरडा खड्डा, असं होतं. यात नशिबाचा भाग कमी आणि भेगांचा जास्त.

दुसरी सहल नाल्यावर किंवा रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीवर. प्रत्येक लेकराने पाच दगड आणायचे आणि वर्गात मांडायचे. मुरमावर पाणी टाकलं तर तो पितो, काळ्या दगडावरून ओघळून जातं. चुनखडीचा चुरा करून त्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. रूपांतरित खडक पाहायचा तर देवळातली संगमरवराची फरशी दाखवा. चुनखडीच दाब आणि उष्णतेने बदलून संगमरवर होते.

लांब जाणं जमत असेल, तर वणी-पांढरकवडा भागात शिबला-पारडी आहे. २०२१ मध्ये तिथे रस्त्याच्या कामात दगडाचे खांब उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी सांगितलं की हे बेसाल्टचे नैसर्गिक खांब आहेत. तळं आटल्यावर चिखलाला जशा भेगा पडतात, तशाच थंड होणाऱ्या रसाला पडल्या आणि कोनदार खांब तयार झाले. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे, तीही अशाच खांबांची. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. पाणी दगड कसा कापतं ते तिथे दिसतं.

पण हिस्लॉप यांचा नाला विसरू नका. नाल्यावर, धबधब्यावर पावसाळ्यात जायचं नाही. पाणी उतरल्यावर, हिवाळ्यात जायचं. कोळशाची खाण पाहायची तर परवानगी घेऊन, लांबून. सोडलेल्या खदानीत तर उतरायचंच नाही.

या शिकण्याचा जीवाशी किती संबंध आहे, ते फ्लोराईडवरून कळतं. केळापूर, झरी जामणी या भागातल्या अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराईड प्रमाणाबाहेर आढळलं आहे. एका लिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. हे फ्लोराईड दगडातूनच पाण्यात उतरतं. लेकरांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग पडतात. वर्षानुवर्षं ते पाणी पोटात गेलं तर सांधे आखडतात. पाणी उकळून ते जात नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण आणि पेटी देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात ती पेटी कुठे आहे, याची चौकशी करा. ती सहावीच्या वर्गात एक दिवस उघडली, तर आईच्या हातातलं विज्ञान लेकराला दिसेल. कोणत्या हापशीचं पाणी प्यायचं आणि कोणतं फक्त धुण्याला, हेही त्याला कळेल.

हे घडवून आणणं आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्याच लागतात. सभेत फक्त सही करून येऊ नका. विचारा, सहावीची क्षेत्रभेट झाली का, कुठे झाली, मुली गेल्या का? काही घरांत सहल म्हटली की मुलीला थांबवतात आणि मुलाला पाठवतात. गटातल्या दोन बाया सोबत गेल्या, वाटेत मुलींच्या लघवीची सोय पाहिली, तर कोणत्याच घराला नाही म्हणायला कारण उरत नाही.

आपल्या जमिनीची माहिती पहिल्यांदा साऱ्यासाठी आणि कोळशासाठी गोळा झाली. आता ती सहावीच्या पुस्तकात, आपल्या भाषेत, आपल्या घरात आली आहे. उद्या नवी बोअर पाडायची की जुनी विहीर खोल करायची, खाणीसाठी जमीन द्यायची की नाही, बरडावर काय पेरायचं, हे ठरवताना गावात दगड ओळखणारं कुणीतरी लागेल. ते कुणीतरी आज सहावीत आहे. या आठवड्यात तिला विचारा, तुझ्या पुस्तकातला कोणता दगड आपल्या अंगणात आहे? आणि तुम्हाला माहीत असलेलं नाव तिला सांगा. ती ते पुस्तकातल्या नावाशेजारी लिहून ठेवेल.