पूर ओसरला, तरी चासीतील गंज पोखरतच राहतो

कोल्हापूर - पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, की शाहूपुरीतील वाहनधारकांचे लक्ष जयंती नाल्याकडे लागते. नदीच्या फुगीमुळे नाल्याचे पाणी मागे सरकते आणि सखल गल्ल्यांत शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने ५५ फूट ७ इंचांची, तर जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांची पातळी गाठली. दोन्ही वेळा व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली या भागांनी पुराची झळ सोसली. पाणी ओसरले, की वाहनधारक आधी इंजिन, वायरिंग आणि सीटकडे धावतो. गाडी सुरू झाली, की त्याचा जीव भांड्यात पडतो. मात्र, गाडीचा सारा भार पेलणाऱ्या सांगाड्याच्या पोकळीत बसलेला गाळ कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर तोच गाळ पत्र्याला भोक पाडून बाहेर डोकावतो.

आतूनच का गंजतो?
लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले, की गंज चढतो. पाण्यात क्षार असतील तर ही क्रिया अधिक वेगाने होते. जीप आणि पिकअप प्रकारातील अनेक वाहनांच्या चासीच्या तुळया चौकोनी नळीसारख्या बंद असतात. मोटारींना स्वतंत्र चासी नसते. दारांखालचे बंद कप्पे आणि बॉडीखालच्या पोकळ पट्ट्या हाच त्यांचा कणा असतो. या पोकळ्यांतील पाणी वाहून जावे म्हणून उत्पादक तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवतात. पुराचा बारीक गाळ नेमकी हीच छिद्रे बुजवतो. मग आतला भाग महिनोन् महिने ओला राहतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो एकावर एक जोडलेले पत्रे एकमेकांपासून उचलून धरतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाच आतली जाडी घटत जाते.

आधी परीक्षा, मग उपचार
उपचारापूर्वी सांगाड्यात किती जीव उरला आहे, हे पाहणे आवश्यक असते. हलक्या हातोडीने ठोकून पाहिल्यास निकोप पत्रा खणखणीत वाजतो. गंजलेला भाग बद्द वाजतो. टोकदार हत्याराने दाबल्यावर पत्रा आत गेला, तर तो निकामी झाला असे समजावे. छिद्रातून आत जाणारा बारीक कॅमेरा मिळाल्यास परीक्षा अधिक नेमकी होते. पाट्यांचे, सस्पेन्शनचे व स्टीअरिंगचे जोड जेथे चासीला मिळतात, त्या जागा विशेष बारकाईने तपासाव्यात.

पत्र्याला आरपार भोक पडले असेल, तर कोणतेही रसायन ते भरून काढत नाही. भोकावर पुटी भरून रंग मारणे ही स्वतःची आणि पुढच्या खरेदीदाराचीही फसवणूक होय. अशा ठिकाणी कुजलेला भाग कापून योग्य जाडीचा पत्रा कुशल कारागिराकडून वेल्डिंगने बसवावा लागतो. त्यापूर्वी बॅटरी सोडवावी आणि जवळची इंधनाची नळी व टाकी सुरक्षित करावी. चासी क्रमांक कोरलेला भाग घासू किंवा कापू नये. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रतिबंध करते. म्हणूनच चासी बदलण्याची वेळ आल्यास आधी परिवहन कार्यालयाशी संपर्क साधणे श्रेयस्कर.

गंज काढण्याची रीत
पत्रा भक्कम असेल, तर पहिले काम धुण्याचे. गाडी एका बाजूने उचलून निचऱ्याची सर्व छिद्रे तारेने मोकळी करावीत, रबरी बुचे काढावीत. वरच्या छिद्रातून स्वच्छ पाणी सोडावे आणि खालून येणारे पाणी नितळ होईपर्यंत सोडतच राहावे. पूर ओसरल्यावर हे काम जितके लवकर होईल तितके चांगले. वाळून घट्ट झालेला गाळ नंतर सहज सुटत नाही.

दुसरे काम सुकवण्याचे. कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी बाहेर काढून गाडी काही दिवस उन्हात ठेवावी. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत पोकळी पुरती सुकणे कठीण असते. त्यामुळे धुणे तातडीने उरकून पुढील प्रक्रियेसाठी दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस निवडणे व्यवहार्य ठरते.

त्यानंतर सैल गंज काढावा. लवचीक दांड्यावर बसवलेला तारेचा ब्रश ड्रिल मशीनला जोडून पोकळीत फिरवतात. सुटलेले पोपडे हवेच्या झोताने बाहेर काढतात. या वेळी चष्मा आणि मास्क अनिवार्य समजावा. सुटे पोपडे आत राहिले, तर पुढचे सर्व लेप त्यांच्यावरच बसतात आणि त्यांच्यासह गळून पडतात.

उरलेल्या घट्ट, पातळ गंजावर गंज-रूपांतरक द्रव लांब नळीने फवारला जातो. त्यातील टॅनिक आम्ल गंजाचे काळसर, स्थिर संयुग बनवते; फॉस्फोरिक आम्लापासून लोहाच्या फॉस्फेटचा थर तयार होतो. डब्यावर दिलेली वेळ आणि प्रमाण पाळावे. अखेरीस पोकळीसाठी बनवलेल्या मेणाचा, सर्व दिशांना फवारा मारणाऱ्या नोझलने लेप द्यावा. मेण जोडांत झिरपते, पाणी दूर ठेवते आणि बराच काळ मऊ राहते. फवारणीनंतर निचऱ्याची छिद्रे पुन्हा मोकळी करण्यास विसरू नये. मेण ज्वालाग्राही असल्याने वेल्डिंगचे सर्व काम त्याआधीच उरकलेले असावे.

मळी, आम्ल आणि जळके ऑइल
राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीची ओळख गुळाच्या बाजारपेठेची. उसाच्या या मुलखात परिचित असलेली मळी जुन्या गाड्यांच्या हौशी जगभरात गंज काढण्यासाठी वापरतात. एक भाग मळी आणि सुमारे नऊ भाग पाणी अशा द्रावणात लोखंडी भाग एक ते तीन आठवडे बुडवून ठेवल्यास गंज सुटतो. सुट्या नट-बोल्ट आणि कंसांसाठी हा उपाय उत्तम. मात्र ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नयेत. मळीची साठवण आणि वाहतूक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली येते, हेही ध्यानात असावे.

चासीच्या पोकळीत मात्र मळी ओतणे चुकीचे ठरते. जोडांत शिरलेली साखर पूर्णपणे धुऊन निघत नाही आणि ओलावा धरून ठेवते. स्वच्छतागृहासाठी विकले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल तर त्याहून घातक. ते गंज झटपट खाते, पण जोडांत उरलेला त्याचा अंश नव्याने गंज चढवतो. उच्च ताकदीचे पोलाद ठिसूळ होण्याचाही धोका असतो. विजेच्या प्रवाहाने गंज काढण्याची पद्धत सुट्या भागांना लागू पडते, परंतु बंद नळीच्या आत प्रवाह नीट पोचत नाही. यावरून एक साधा नियम हाती लागतो : जे पूर्णपणे बाहेर काढता येणार नाही आणि आत राहिल्यास अपाय करील, असे काहीही पोकळीत घालू नये.

चासीवर जळके ऑइल फवारण्याची प्रथा जुनी आहे. ते रबरी बुशांना अपायकारक असते, ब्रेकवर उडाल्यास जिवावर बेतू शकते आणि ठिबकून माती व पाणी दूषित करते. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते.

विमा आणि खरेदी
केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर पुराची भरपाई मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. कालांतराने झालेली झीज सहसा तिच्याही कक्षेत येत नाही. म्हणून पूर ओसरताच छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे आणि पाहणीत सांगाड्यातील गाळाची नोंद करून घ्यावी. जुनी गाडी घेणाऱ्याने निचऱ्याच्या छिद्रांत तार घालून पाहावी. तारेला चिकटून आलेला वाळका गाळ विक्रेत्याने न सांगितलेले बरेच काही सांगून जातो.

हे लक्षात ठेवा
* पुरातून निघालेल्या गाडीची निचऱ्याची छिद्रे त्याच आठवड्यात मोकळी करा.
* पोकळी पूर्ण कोरडी झाल्याखेरीज कोणताही लेप देऊ नका.
* चासीला मनाने नवी छिद्रे पाडू नका. मूळ छिद्रांचाच वापर करा.
* मेणाच्या लेपाची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणी करा.
* आरपार गंजलेल्या सांगाड्याची दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.