घर, शाळा आणि उमलतें वय

औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, दिल्ली दरवाज्यांतून उत्तरेस निघालेला रस्ता हर्सूलवरून अजिंठ्याकडे जातो. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें याच बाजूच्या उंच मुलखांतलें पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरांत खेळविलें. तेथें कसलेंहि यंत्र नव्हतें. उगमाची उंची आणि वाटेचा उतार यांवरच सारें काम चाले. कुमारवयाचेंहि कांहींसें असेंच आहे. घर हा त्याचा उगम आणि शाळा ही त्याची वाट. या दोहोंचा मेळ बसला नाहीं म्हणजे काय होतें, याचा धडा याच शहराच्या इतिहासांत सांपडतो.

निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्याचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि मराठवाड्यांतील बहुसंख्य घरांतून मराठी बोलली जाई. घरीं आजीच्या तोंडून ओव्या ऐकणारा मुलगा वरच्या वर्गांत गणित आणि इतिहास उर्दूंतून शिके. ज्याला हें साधलें त्याचें भांडवल दुप्पट झालें. १९१० सालीं निलंगें येथें जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे पुढें फार्शी साधनांच्या आधारें मराठ्यांच्या इतिहासाचे नामांकित संशोधक झाले. ज्याला तें साधलें नाहीं, त्याच्या मनांत मात्र आपल्या आईची भाषा दुय्यम असल्याची सल राहून जाई.

ही उणीव भरून काढण्यासाठीं खाजगी शाळा पुढें आल्या. औरंगाबादेंत १९१५ सालीं सरस्वती भुवन ही संस्था निघाली; हिप्परगें येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा सुरू झाली. खेडगीकर मास्तर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, यांनीं प्रथम हिप्परग्यास आणि १९३५ पासून आंबेजोगाईस शिक्षकाचें काम केलें. विद्यार्थ्यांवर छाप पडली ती केवळ पुस्तकांची नव्हे, तर शिक्षकांच्या साध्या राहणीची आणि सहवासाची.

मग १९३८ चा नोव्हेंबर उजाडला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, आणि अधिकाऱ्यांनीं त्यास मनाई केली. हैदराबादच्या वसतिगृहांतूनहि तोच प्रसंग घडला, आणि शेंकडों विद्यार्थ्यांना शिक्षणास मुकावें लागलें. सतरा-अठरा वर्षांचीं हीं मुलें. क्षमापत्र लिहून द्यावें कीं पदवीवर पाणी सोडावें, हा प्रश्न त्यांच्याइतकाच त्यांच्या आईबापांपुढेंहि होता. वसतिगृहाचें दार बंद झालेला मुलगा अखेर घराच्याच उंबरठ्याशीं येतो. तेथें त्याला आधार मिळतो कीं धिक्कार, यावर त्याचें पुढचें आयुष्य अवलंबून असतें. नागपूर विद्यापीठानें यांपैकीं अनेकांना आपल्या छत्राखालीं घेतलें. त्यांतच पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेहि होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनीं १९०४ सालीं कुमारवयास वादळाचें वय म्हटलें. मार्गारेट मीड यांनीं १९२८ सालीं सामोआ बेटांतील मुलींविषयीं लिहितांना, वादळ वयांत नसून भोंवतालच्या समाजांत असतें, असें मत मांडलें. त्या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला. औरंगाबादचा अनुभव या दोहोंच्या मध्यें पडतो. आवेग वयाचा होता. त्याला वळण लावलें तें घरानें, गुरुजनांनीं आणि सोबत्यांनीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची राजवट संपली, आणि शाळांच्या भाषेचा तो प्रश्नहि मागें पडला. परंतु घरांत एक आणि शाळेंत दुसरें, असा पेंच मुलांना आजहि पडतो. फक्त भाषा बदलली आहे. अशा वेळीं मुलाला समजेल अशा शब्दांत त्याच्याशीं बोलणारें एक तरी वडीलधारें माणूस घरांत किंवा शाळेंत असावें, एवढी सोय मोठ्यांच्या हातीं खास आहे.