लाच देणाऱ्यांची साक्ष

एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या तालुक्यात सरकार म्हणजे मामलेदार. सारावसुली त्याच्याकडे, तालुक्याचा खजिना त्याच्याकडे आणि फौजदारी खटले चालवण्याचा अधिकारही त्याच्याकडे. पण त्याची स्वतःची बढती आणि बदली वरच्या साहेबाच्या मर्जीवर असे. ही मर्जी विकत मिळते, अशी कुजबुज मुंबई इलाख्याच्या मध्य भागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्या कारकिर्दीत वाढत गेली.

क्रॉफर्ड साधा अधिकारी नव्हता. 1865 मध्ये तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. शहराच्या स्वच्छतेसाठी आणि रस्त्यांसाठी त्याने झपाट्याने कामे काढली. त्याच्या नावाचे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात अजून आहे. मात्र खर्चाला धरबंध नसल्याची ओरड झाली आणि 1871 मध्ये त्याला ते पद सोडावे लागले. खासगी आयुष्यातही तो कर्जात बुडालेला होता. ज्यांच्यावर अधिकार गाजवायचा, त्याच मुलखातल्या माणसांकडून तो पैसे उसने घेत असे. सरकारी नियमांना हे मान्य नव्हते.

पैशांचा व्यवहार साहेबाच्या बंगल्यावर उघडपणे होत नसे. मध्ये हणमंतराव जहागीरदार नावाचा माणूस होता. बढती हवी असो की दूरच्या तालुक्यातली बदली टाळायची असो, बोलणी त्याच्यामार्फत होत. हुकूम निघे तो मात्र कमिशनरच्या सहीने. त्यामुळे नुसते कागद पाहून काही कळण्याजोगे नव्हते. प्रत्येक बदलीला प्रशासकीय सोयीचे कारण दाखवता येई. डोक्यावरचे कर्ज, मधला माणूस आणि ठरावीक लोकांनाच लाभणारी मर्जी ही तीन लक्षणे एकत्र पाहिली, की मगच संशयाला आकार येई.

संशयाचा पुरावा व्हायचा, तर पैसे देणाऱ्यांनी तोंड उघडायला हवे होते. पण लाच देणाराही कायद्याने गुन्हेगारच. 1888 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने हा पेच सोडवला. पोलीस महानिरीक्षक ओमानी यांच्याकडे तपास होता. खरे सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही आणि त्याची नोकरीही जाणार नाही, असे अभय मामलेदारांना देण्यात आले. त्या भरवशावर एकामागून एक मामलेदार जबान्या देऊ लागले. हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. क्रॉफर्ड वेश पालटून पुण्याहून निघाला, पण मुंबईत पकडला गेला.

त्याच्या चौकशीसाठी कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचे मंडळ पुण्यात बसले. लाचेचे आरोप सिद्ध होत नाहीत, असे या मंडळाने ठरवले; नियमाविरुद्ध कर्जे काढल्याचा दोष मात्र मान्य केला. मुंबई सरकारला हा निर्णय पटला नाही. तरीही लंडनच्या भारतमंत्र्यांनी लाचेच्या बाबतीत मंडळाचाच कौल उचलून धरला. कर्जांच्या कारणावरून क्रॉफर्डची नोकरी गेली, एवढेच.

मग रोख साक्षीदारांकडे वळला. पैसे देऊन जागा मिळवणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर कसे राहतात, असा सवाल इंग्लंडमध्ये जोरात विचारला जाऊ लागला. 1889 मध्ये हिंदुस्थान सरकारने खास कायदा करून मामलेदारांना खटल्यांपासून वाचवले, पण ज्यांनी आपखुशीने पैसे दिले असे ठरले, त्यांना नोकरीतून काढले. सरकारनेच दिलेला शब्द अर्धा मोडला होता. तरुण टिळकांनी नेमका हाच मुद्दा धरला. पुण्यात सभा झाल्या, लेख लिहिले गेले आणि इंग्लंडमध्ये हिंदी लोकांची बाजू मांडणाऱ्या विल्यम डिग्बींकडेही दाद मागण्यात आली. मामलेदारांनी पैसे दिले ही गोष्ट टिळक नाकारत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की सरकारने शब्द दिला, साक्ष घेतली आणि मग साक्षीदाराला वाऱ्यावर सोडले, तर पुढच्या वेळी बोलायला कोण येईल?

हा प्रश्न पुढेही कायदे करणाऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत राहिला. 1947 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता हा पुराव्याचा भाग मानला. क्रॉफर्डच्या काळी त्याची कर्जे जे सांगत होती, तेच आता अधिकाऱ्याच्या मालमत्तेवरून तपासता येऊ लागले. 1957 मध्ये महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची सुरुवात झाली. लाच घेणाऱ्याला पकडण्यासाठी रचलेल्या सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. पण हा सापळा रचायलाही आधी कुणीतरी तक्रार घेऊन यावे लागते.

बदल्यांवरही महाराष्ट्राने 2005 चा कायदा करून साधारण तीन वर्षांच्या मुदतीचे बंधन घातले. लाच देणाऱ्याच्या साक्षीचे म्हणाल, तर 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील चोविसाव्या कलमाने लाच दिल्याचे सांगणाऱ्याला त्या जबानीवरून खटल्यापासून संरक्षण दिले होते. 2018 च्या दुरुस्तीत ते कलम गेले. आता ज्याला लाच देणे भाग पडले, त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपासयंत्रणेला कळवले तरच तो सुटतो. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्याला मात्र संरक्षण आहे.