गोल फिरणारं ड्रिल, चौकोनी भोक

ड्रिल गोल फिरतं, म्हणून भोकही गोल पडतं. यात काय विशेष? पण १९१७ साली अमेरिकेत चौकोनी भोक पाडणाऱ्या ड्रिलला पेटंट मिळालं. कसं ते बघू.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. फ्रान्झ रुलो हा बर्लिनमध्ये शिकवणारा इंजिनिअर. १८७५ साली त्याचं यंत्रांच्या हालचालींवरचं पुस्तक आलं. त्यातला एक आकार आज त्याच्याच नावाने ओळखतात. समभुज त्रिकोण काढा. एका कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून उरलेले दोन कोपरे कंसाने जोडा. तिन्ही कोपऱ्यांवरून असंच करा. झाला फुगीर त्रिकोण! तो दोन समांतर पट्ट्यांमध्ये कसाही फिरवा, रुंदी तेवढीच राहते, अगदी वर्तुळासारखी. अशा आकारांवर ऑयलरने आधीच्या शतकातच लिहिलं होतं.

रुंदी बदलत नाही म्हणून हा त्रिकोण चौकोनात चारही बाजूंना टेकून फिरतो. फिरताना चौकोनाचा सुमारे ९८.७७ टक्के भाग व्यापतो. फक्त कोपरे किंचित गोलसर राहतात.

मग अडलं कुठे? केंद्रात! वर्तुळाचं केंद्र जागेवर असतं, याचं हलतं. बिटची एक फेरी होईपर्यंत केंद्र उलट्या दिशेने तीन चकरा मारतं. आणि साधा चक तर बिट मध्यावर घट्ट धरून ठेवतो. तसं धरलं की पुन्हा गोलच भोक.

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या हॅरी जेम्स वॉट्स या इंग्लिश इंजिनिअरने हेच सोडवलं. त्याचा चक बिटला फिरवतो, पण बाजूला सरकायची मोकळीकही देतो. वर चौकोनी भोकाची गाईड प्लेट बसवायची, ती बिटला वाट दाखवते. धातूचा कीस बाहेर पडावा म्हणून बिटच्या बाजू खोलगट कापलेल्या, धार कोपऱ्यांना. चकचं पेटंट त्याने वेगळं घेतलं, आणि मला तरी खरा शोध तोच वाटतो. कंपनीने जाहिरातीत या ड्रिलची तुलना चक्क बिडाच्या केळ्यांशी केली, म्हणजे कोणी विश्वासच ठेवणार नाही अशा गोष्टींशी!

आकाराला नाव रुलोचं मिळालं. वॉट्सचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. पण त्या सैल चकशिवाय हा त्रिकोण वहीतच राहिला असता.

पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून तेवढ्याच रुंदीच्या चौकोनी डब्यात फिरवा, मधोमध पेन्सिल खुपसून. केंद्राचा नाच कागदावर दिसेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!