पंक्तींतला हेर

१० सप्टेंबर १९४२ रोजीं इस्लामपुरास मोर्चावर गोळीबार झाला आणि पुढें वाळवें तालुक्यांत भूमिगत चळवळ फोफावली. तिच्या आठवणी सांगणाऱ्या वृद्धांच्या बोलण्यांत गोऱ्या साहेबापेक्षां खबऱ्याचाच उल्लेख अधिक येई. प्रतिसरकारचा खरा राग त्याच्यावर. त्याच्या तळपायांवर जे फटके बसत, त्यांवरूनच ‘पत्री सरकार’ हें नांव लोकांच्या तोंडीं बसलें. परंतु हा खबऱ्या बहुधा दाराबाहेरचा. अमका रात्रीं अमक्या मळ्यांत होता, एवढें चावडीवर सांगून येणारा. मंडळींच्या पंक्तीस बसून त्यांच्याच कार्याच्या आणाभाका घेणारा हेर ही जातच निराळी. तिचा एक नमुना मराठी माणसांच्याच इतिहासांत सांपडतो. मात्र त्यासाठीं वाचकांस सुमारें तीन तपें मागें, आणि तेंही थेट लंडनास, यावें लागेल.

लंडनच्या हायगेट भागांत पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठीं ‘इंडिया हाउस’ हें वसतिगृह उघडलें. पुढच्याच वर्षी विनायकराव सावरकर तेथें दाखल झाले. ‘फ्री इंडिया सोसायटी’च्या सभा उघडपणें भरत, त्यांतून पारखलेल्या तरुणांस शपथ देऊन ‘अभिनव भारत’ या गुप्त संस्थेंत घेत. ओटीवरून माजघरांत जावें तशीच ही रीत. रीत चांगली, पण तिच्यांत एक उणीव होती. ओटीवर जो आवेशानें बोलेल त्याच्याकडे मंडळींचें लक्ष जाणार. आणि ज्याला आवेशाचाच पगार मिळतो, त्याच्याइतकें आवेशानें कोण बोलणार?

१९०८ साली कीर्तिकर नांवाचा एक गृहस्थ तेथें आला. दंतवैद्यक शिकावयास आलों, असें तो सांगे. व्ही. व्ही. एस. अय्यर यांच्याशीं त्याची ओळख होती, आणि संस्थेच्या कामांत तो उत्साहानें भाग घेऊं लागला. वस्तुतः तेथील बातमी तो स्कॉटलंड यार्डास पोंचवीत असे. त्याचें बिंग फुटलें तें कांहीं थोर हिकमतीनें नव्हे. जेथें शिकतों म्हणून तो सांगत असे, त्या रुग्णालयांत अय्यरांनीं जाऊन चौकशी केली, इतकेंच! मग एके सायंकाळीं सावरकरांनीं पिस्तुल रोखून त्याच्याकडून कबुली घेतली.

येथें कोणीही सूडाचीच अपेक्षा करील. तसें झालें नाहीं. कीर्तिकराचे अहवाल पूर्वीप्रमाणेंच जात राहिले. फक्त ते आधीं सावरकरांच्या नजरेखालून जात, असें सांगतात. त्या अहवालांस दुजोरा मिळावा म्हणून एम. पी. टी. आचार्य या मद्रासी तरुणास, तूंही खबऱ्या हो, असें सांगून पोलिसांकडे पाठविण्यांत आलें. सरकारास आतां दोन साक्षी मिळाल्या, आणि दोन्ही एकाच घरांत शिजलेल्या. मला ही युक्ति पिस्तुलापेक्षां अधिक विचाराची वाटते. मारलेल्या हेराची जागा दुसरा घेतो; वळविलेला हेर जागा अडवून बसतो. पण त्या माणसाच्या मनाचें काय झालें असेल? इकडे अविश्वास, तिकडे भय, आणि जेवण मात्र रोज त्याच पंक्तींत.

१ जुलै १९०९ रोजीं मदनलाल धिंग्रा यांनीं इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्यें सर कर्झन वायली यांस गोळ्या घालून ठार केलें. हिंदी विद्यार्थ्यांवर सरकारच्या वतीनें नजर ठेवणारे म्हणून मंडळी ज्यांच्याकडे बोट दाखवीत, तेच हे वायली.

सरकारास पुढें कोर्टांत जो पुरावा उपयोगी पडला, तो मात्र निराळ्याच वाटेनें आला. १९०९ च्या आरंभीं इंडिया हाउसच्या आचाऱ्यानें, चतुर्भुज अमीन यानें, पेटीच्या चोरकप्प्यांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें मुंबईस आणलीं. त्यांतल्याच एकानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस मारलें. पुढें चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, आणि १९१० च्या डिसेंबरांत सावरकरांस जन्मठेपेची शिक्षा झाली. या चतुर्भुजास इंडिया हाउसांत कोणी पेरलें नव्हतें. तो तेथें मंडळींना रांधून वाढीत असे.