बसऱ्याला गेलेला शिपाई कुठे हरवला?

महायुद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाचा माग आजही काढता येतो. मात्र त्यासाठी नावाआधी पलटण शोधावी लागते

कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरच्या पट्ट्यात अनेक घरांतून एक वाक्य तीन-चार पिढ्या सांगितले जाते : ‘आमचे पणजोबा लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत.’ कोणती लढाई, कोणती पलटण, मृत्यू कोठे झाला, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. फार तर ‘बसऱ्याला गेले होते’ एवढाच धागा हाती असतो. मराठी घरांना बसरा माहीत असतो तो मोत्यांमुळे. त्याच बसऱ्याच्या वाटेने १९१४ ते १९१८ या काळात हजारो मराठी शिपाई गेले, याची जाणीव आता पुसट झाली आहे.

इंग्रज सरकारने आपल्या शिपायांची नोंदच ठेवली नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नोंद झाली, परंतु ती गावाच्या वा घराण्याच्या क्रमाने झाली नाही, तर पलटणीच्या क्रमाने झाली. आडनाव घेऊन शोधू लागणारा वारस म्हणूनच बहुधा रिकाम्या हाताने परततो.

पलटणीचा क्रमांक हीच किल्ली

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी मराठा पलटणींना स्वतंत्र क्रमांक होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. सन १९२२च्या फेररचनेत या सर्वांची मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. १०३वी पलटण तिची पहिली तुकडी झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. ११४वी ही प्रशिक्षणाची दहावी तुकडी ठरली. घरातील आठवणीत आकडा नसला तरी पलटणीचे टोपणनाव टिकलेले असू शकते. ‘जंगी पलटण’ म्हणजे पूर्वीची १०३वी, तर ‘काली पाचवी’ म्हणजे १०५वी.

पूर्वज मराठा पलटणीतच होता, असे मात्र गृहीत धरू नये. १९१७मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभारण्यात आली आणि १९२१मध्ये ती मोडण्यात आली. पायोनिअर पलटणी, खेचरांचे तांडे, हमालांच्या व मजुरांच्या तुकड्या यांतूनही असंख्य माणसे परदेशी गेली. त्यांतल्या अनेकांच्या हाती बंदूक नव्हती, तरी त्यांचीही गणना सरकारी कागदांत आहे.

आधी घरातली ट्रंक

शोधाची सुरुवात दफ्तरखान्यातून नव्हे, तर घरातून करावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकांच्या कडेवर आणि १९१४-१५च्या ताऱ्याच्या मागील बाजूस हा मजकूर सापडतो. ब्रिटिश युद्धपदक लढणाऱ्या शिपायास चांदीचे, तर हमाल-मजुरांसारख्या सोबतच्या सेवकांस काशाचे देण्यात येई. पदक चिंचेने किंवा राखेने घासू नये. कडेवरची अक्षरे झिजली तर दुवाच तुटतो. भिंगाखाली धरून, तिरप्या उजेडात ती वाचावीत.

काही घरांत सिंह आणि त्रिशूळधारी स्त्रीचे चित्र असलेली काशाची मोठी तबकडी सापडते. ती पदक नव्हे. युद्धात मृत्यू पावलेल्याच्या वारसास ती पाठविली जात असे. तिच्यावर केवळ नाव असते, हुद्दा किंवा पलटण नसते. तरीही तिचा अर्थ स्पष्ट आहे : ज्याचे नाव तिच्यावर आहे तो मनुष्य पळून गेला नव्हता, परदेशी दुसरा संसार थाटून राहिलाही नव्हता; सरकारने त्याचा मृत्यू अधिकृतपणे मान्य केला होता.

गावच्या चावडीवरची किंवा देवळाजवळची संगमरवरी पाटीही पाहावी. या गावातून इतके लोक १९१४-१९च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा ठरावीक इंग्रजी मजकूर तिच्यावर असतो. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला. मात्र अशा पाट्यांवर बहुधा आकडा असतो, नावे नसतात.

बसऱ्याची भिंत

आकडा आहे पण नाव नाही, ही गोष्ट गावच्या पाटीपुरती नाही. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन १९१४च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर ही फौज मागे हटली आणि तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा येथे वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार सैनिक व सेवक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. उपाशी आणि आजारी अवस्थेत त्यांना वाळवंटातून चालवीत नेण्यात आले. अनेकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. त्यांतले कित्येक वाटेतच गेले.

मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि समाधी ज्ञात नसलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचे स्मारक १९२९मध्ये बसरा येथे उभारण्यात आले. तेथे ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखालचा आकडा आला. १९९७मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले.

स्मारके सांभाळणारी संस्था म्हणजे १९१७मध्ये स्थापन झालेला युद्धसमाधी आयोग, अर्थात आजचे ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’. एप्रिल २०२१मध्ये आयोगाने स्वतःच्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि या भेदभावाबद्दल जाहीर क्षमा मागितली. मुख्यतः आफ्रिकी व मध्यपूर्वेतील किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असे समितीने नमूद केले.

तथापि, दगडावर नाव नाही म्हणजे कागदावरही नाही, असे नव्हे. बसऱ्याच्या भिंतीवर केवळ आकडा ठरलेल्या शिपायांची नावे आयोगाच्या नोंदवहीत आहेत आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात.

‘पवार’ नव्हे, ‘पोवार’

हा शोध घेताना दोन अडथळे हमखास येतात. पहिला स्पेलिंगचा. नाव लिहिणारा कारकून मराठी असेलच असे नव्हते. तो कानाला ऐकू येईल तसे लिही. पवारांचे पोवार, चव्हाणांचे चौहान, शिंद्यांचे सिंदे होत. एकाच नावाची पाच-सहा रूपे इंग्रजीत मांडून प्रत्येक रूप तपासावे. मृताच्या नोंदीत अनेकदा ‘अमुकचा मुलगा, राहणार अमुक गाव’ असा मजकूर असतो. त्यामुळे नाव सापडत नसेल, तर अधिक माहितीच्या रकान्यात गावाचे नाव घालून शोधणे फलदायी ठरते.

दुसरा अडथळा जिल्ह्याचा. नोंदी जुन्या भूगोलाप्रमाणे आहेत. रायगड तेव्हा कुलाबा होता. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता. आजच्या सांगलीतील बरीच गावे साताऱ्यात मोडत. कोल्हापूर आणि सावंतवाडी ही संस्थाने होती. मालवणच्या शिपायास ‘सिंधुदुर्ग’मध्ये शोधणारा त्याला कधीच गाठू शकणार नाही.

आयोगाची सूची केवळ मृतांची आहे, हेही ध्यानी असावे. पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७पर्यंतचे मृत्यू तीत धरले आहेत. जो परतला आणि पुढे गावी वारला, तो येथे सापडणार नाही.

मृत्यूच्या दिवशी पलटण कोठे होती?

नोंदवहीतून तारीख आणि पलटण मिळाली, की पुढचे पाऊल म्हणजे पलटणीची युद्धदैनंदिनी. रणांगणावरील प्रत्येक तुकडीस ती लिहावी लागे. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या दैनंदिन्या आहेत. दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारातही लष्करी खात्याची जुनी कागदपत्रे आहेत. शिपायाचे नाव दैनंदिनीत मिळण्याची शक्यता कमी. तेथेही अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांचे आकडेच दिसतात. परंतु त्या दिवशी पलटण कोणत्या गावाजवळ होती, हल्ला झाला की पटकीची साथ होती, हे कळते. दोन कागद शेजारी ठेवले की ‘बसऱ्याला गेले’ या वाक्याला नेमके ठिकाण मिळते.

कैदेत गेलेल्या पलटणीची दैनंदिनी शरणागतीपाशी थांबते. तेथून पुढे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसची युद्धकैद्यांची कागदपत्रे पाहावीत. ती २०१४पासून संकेतस्थळावर खुली आहेत. प्रत्येक शिपाई तेथे मिळेलच अशी खात्री नाही. कैदेतील मृत्यूची तारीखही अंदाजाने लिहिलेली असू शकते.

दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्यांचा शोध तुलनेने सोपा आहे. ब्रह्मदेशातील मृतांसाठी रंगूनजवळील तौक्यान, मलायातील मृतांसाठी सिंगापूरचे क्रांजी आणि इटलीतील मृतांसाठी कॅसिनो येथील स्मारके आहेत. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही समाधी ज्ञात नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मुंबईत मशीद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहात, पहिल्या युद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय दर्यावर्दींचे स्मारक आहे. कोकणातील खलाशी कुटुंबांनी ते जरूर पाहावे.

परतलेल्यांसाठी बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि प्रयागराज येथील संरक्षण निवृत्तिवेतन कार्यालय ही विचारणेची ठिकाणे होत. अर्जात क्रमांक, पलटण आणि भरतीचा अंदाजे काळ नसेल, तर उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

तिथी

ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही, त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करण्याचा प्रघात आहे. युद्धावरून न परतलेल्या शिपायांची पाने गेली शंभर वर्षे बहुधा त्याच दिवशी वाढली गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांपैकी कित्येकींना आपण सवाष्ण की विधवा, हेही निश्चित कळले नाही. त्या स्त्रिया आता नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली नातवंडेही ऐंशीच्या घरात आहेत. गावाचे जुने नाव, पणजोबांच्या वडिलांचे नाव, पलटणीचे टोपणनाव एवढे त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे. नोंदवहीतील कागद आणखी शंभर वर्षे टिकेल. तो उघडण्याची किल्ली मात्र या माणसांकडेच आहे. नोंदीतील इंग्रजी तारीख हाती आली, की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते.